मामांची रॉकेटं

जगात आजवर जितकी रॉकेटं उडाली असतील, त्याहून जास्त आमच्या हिच्या मामांनी मानवत गावच्या आपल्या ओसरीवरून उडवली. सरकीच्या ढेपेचं दुकान चालवणारा हा माणूस, गिऱ्हाईक आलं की आधी त्याला पृथ्वीच्या बाहेर नेऊन आणी आणि मगच पोतं काट्यावर चढवी. हे वेड कधी लागलं, असं मी मामींना एकदा विचारलं होतं. "मी नांदायला आले तवाच हे वर गेल्याले व्हते," त्या म्हणाल्या. "अजून उतरायची वाट बघायलेय."

मी नवा जावई म्हणून पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा हुशारी दाखवायची मला फार हौस. मी ठोकून दिलं की रॉकेटचा धूर जमिनीला रेटा देतो, म्हणून ते वर जातं. मामा एवढे दुखावले की ताटावरून उठले. मला नव्या कपड्यांनिशी झोपाळ्यावर बसवलं आणि मांडीत ढेपेच्या तुकड्यांनी भरलेलं घमेलं दिलं. "फेका जावईबापू, पुढं फेका! जोरात!" मी फेकत गेलो आणि झोपाळा मागे जात राहिला. "जमिनीला पाय लावला का तुमी? न्हाई ना? जे फेकलं त्यानंच तुमाला मागं ढकललं. रॉकेट जळता वायू खाली फेकतंय, म्हून आपण वर जातंय. जमीन न्हाई लागत, हवा बी न्हाई लागत." मला पटलं. पटल्याच्या भरात मी आख्खं घमेलंच भिरकावलं आणि तोल जाऊन मागच्या आमरसाच्या पातेल्यात बसलो. मामींनी पदर तोंडाला लावला. "पोचले का जावई चंद्रावर?"

मामींनी चूल पेटवली की मामा दारात उभे राहून सांगत, वर हवा नसते, तिथं फुंकायला कोण बसलंय? म्हणून रॉकेट इंधनाबरोबर प्राणवायूही गाठीला बांधून नेतं. "मग मीठमिरची बी न्यायची की," मामी म्हणत. एकदा आम्ही जीपने येलदरीचं धरण पाहायला निघालो. रॉकेटची टाकी रिकामी झाली की ती टाकून द्यायची, उगाच ओझं वागवायचं नाही, हे समजावताना मामांनी धपाट्यांचा रिकामा झालेला डबा खरोखरच खिडकीतून सोडून दिला. डबा मामींच्या माहेरचा, नाव घातलेला. त्यांनी जीप थांबवली आणि मामांना उन्हात मागे पाठवलं. मामा डबा घेऊन आले ते बोलतच: वर जाणं सोपं, वर टिकणं अवघड, आडवा वेग एवढा पाहिजे की पडता पडता जमीन चुकावी. वेग कमी पडला की परत खाली.

पण त्यांचा खरा जीव होता तो रॉकेटमधल्या माणसांवर. ती माणसं उताणी निजून का जातात, हे सांगताना त्यांचा आवाज आईसारखा व्हायचा. वर जाताना अंग कित्येक पटींनी जड होतं. बसून गेलं तर रक्त पायात उतरतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. "निजवूनच न्यावं लागतंय लेकराला," ते म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात मामी दुपारच्या झोपल्या त्या उठल्याच नाहीत.

आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून मातीत ठेवतात. बायकांनी मामींना न्हाऊ घातलं, कपाळाला विभूती लावली आणि ओसरीवर भिंतीला टेकवून बसवायला घेतलं. तोवर दगडासारखे बसलेले मामा एकदम उठले.

"बसवू नका तिला! निजवा. उताणी निजवा!"

कुणाला काही कळेना. भाऊबंद चिडले. "अप्पा, येड्यावानी करू नका. आपल्यात कुणाला निजवलंय का आजवर?"

"एवढ्या लांब बसून जायची ती? तिला गाडीत बी चक्कर येती!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामांचे सगळे धडे पुरते ऐकलेला मी एकटाच. मला वाटलं, आता आपण काहीतरी शहाणपणाचं बोलावं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "मामा, सावकाश नेऊ. वेगच नसला तर त्रास कसला?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो हात कुठं ठेवावा ते मला कळेना. "वेग नसल्यावर पडंल की ती खाली, जावईबापू," ते म्हणाले आणि सगळ्यांदेखत लहान पोरासारखे रडायला लागले.

विधीसाठी आलेले म्हातारे स्वामी बेलाची पानं निवडत बसले होते. ते उठले आणि मामांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"अप्पा, कुठं चाललीय ती?"

मामांनी वर बोट केलं.

"कुणी सांगितलं? आपल्यात कुणी कुठं जात न्हाई. माणूस शिवात मिळतो, अन् शिव काय लांब हाय? हाय तितंच ऱ्हाती ती."

नाक पुसत मामांनी अगदी गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "म्हंजी जायचंच न्हाई?"

"न्हाई."

"मग बसू द्या," मामा म्हणाले. आणि पुढे होऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी मामींची मान सावरली, पाठीशी घडी केलेलं लुगडं ठेवलं.

परवा मानवतला गेलो तेव्हा टीव्हीवर रॉकेट सुटणार होतं. मी आशेने ओसरीवर टीव्ही लावला. मामा त्याच भिंतीला टेकून बसले होते, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. उलटी मोजणी संपली, धूर उठला, गडगडाट झाला. मी वाट पाहिली. मामा काहीच सांगेनात.

थोड्या वेळाने म्हणाले, "आवाज बारीक करा, जावईबापू. तिला गलका सोसत न्हाई."

मी आवाज बारीक केला. रॉकेट मुकाट वर गेलं. मामा त्याच्याकडे बघत नव्हते.