विलायती पत्र्याखालची बाळंतखोली

वैशाखात वऱ्हाडात जाऊ नये, असं नाशकात मला सगळ्यांनी बजावलं आणि सगळ्यांचंच खरं होतं. पण अमरावतीहून निरोप आला की धाकट्या बहिणीला, गोदूला, मुलगा झाला. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिची तान्ही मुलगी तिथेच, बारशाच्या आधी गेली होती. आई म्हणाली, "या वेळी माहेरचं कुणीतरी जवळ हवं." शाळेतून रजा काढली, कुंची-टोपडी आणि डिंकाचे लाडू बांधले आणि निघालो.

आगगाडी जिथवर पोचली आहे तिथवर प्रवास सुखाचा. पुढे बैलगाडी, आणि ती मिळवणं हेच मोठं काम. अमेरिकेत लढाई जुंपली आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्यामुळे वऱ्हाडातला धडधाकट बैल माणसाला ओढायला राजी नाही. नेहमीच्या दुप्पट भाडं कबूल केलं तरी माझा गाडीवाला कुरकुरत होता. "तुमच्या जागी कापसाचे दोन बोजे बसले असते, मास्तर. अन् त्यायनं पानी बी मांगितलं नसतं." ज्यांना जायचंच आहे त्यांनी पहाटे निघावं, दुपार निंबाखाली काढावी आणि पाण्याची सुरई स्वतःची ठेवावी. रस्ता म्हणजे काळ्या मातीचा धुरळा. कापसाच्या गाड्यांची रांग पुढे असली की तो नाकातोंडात जातो.

अकोल्यात मोर्णेकाठी जोशीबुवांकडे उतरलो. ते वडिलांच्या ओळखीचे. त्यांचं घर धाब्याचं आहे. दोन हात जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, आणि तिच्यावर थापलेली माती. भर दुपारी आत पाऊल टाकलं आणि जीव थंड झाला. भाकरी, पिठलं आणि कैरीचं पन्हं घेऊन मी तिथेच आडवा झालो. बाहेरून भिंतीला हात लावला तर चटका बसत होता, आतून तीच भिंत गार. संध्याकाळी बाहेर वारा सुटला तेव्हा मात्र आतली बाजू कोमट लागायला लागली. सकाळचं ऊन भिंतीतून वाट काढत दिवेलागणीला आत पोचत होतं.

"दिवसा बरं हाय, पन रातच्याले भट्टी," जोशीबुवा म्हणाले आणि वळकटी घेऊन धाब्यावर चढले. मीही मागोमाग गेलो. चांदण्यात झोप छान लागली.

मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती गाठली. परकोटाच्या वेशीतून आत शिरलो आणि गोदूचं घर विचारावं लागलंच नाही. तिचे यजमान त्र्यंबकराव कापसाचे दलाल. नव्या पैशात त्यांनी माडी बांधली आणि तिच्यावर मुंबईहून आणलेले लोखंडी पत्रे चढवले. ते उन्हात असे चमकत होते की डोळे मिटावे लागले.

गोदू त्या पत्र्याखालीच बाळंतीण होती. खिडकी बंद, फटींत चिंध्या, खाटेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी. मूल लाल झालं होतं, ओठ सुकले होते, आणि ते रडत नव्हतं.

"दादा," गोदू हळूच म्हणाली, "पहिली मुलगीही याच खोलीत, जायच्या आधी अशीच गप्प झाली होती."

मी हात वर केला. पत्रा हाताच्या टप्प्यातही नव्हता, तरी तळहात तव्याशी धरल्यासारखा भाजत होता. मी खिडकीकडे वळलो, तर गोदूच्या सासूबाई आडव्या आल्या.

"बाळंतिनीले वारा लागला तं जन्माचं दुखनं. म्या पाच लेकरं शेगडीपाशीच वाढवली."

"कुठे, काकू?"

"मांगच्या घरात."

मागचं घर म्हणजे जुनं धाबं. आता तिथे सरकीची पोती होती. मी म्हटलं, चला, दाखवा. दार उघडून त्या आत गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर अंगभर ओढून घेतला.

"इथं शेगडी लागेच," त्या म्हणाल्या. "दुपारी बी गार लागे."

मग त्यांनी गड्यांना हाक मारून पोती बाहेर काढायला लावली. त्र्यंबकराव धावत आले. "आई, बारसं सरकीच्या खोलीत? लोक काय म्हनतीन?"

"लोकायले पत्र्याखाली बसव," सासूबाई म्हणाल्या.

गोदूची खाट तिथे हलवली. शेगडी फक्त पहाटेच्या शेकापुरती राहिली. वरचा झरोका उघडला. गोदूला घोटाघोटाने पाणी मिळू लागलं आणि तिला दूध उतरलं. मुलाने आधी बोटावरचं दूध चाटलं, मग ते प्यायलं, आणि दुसऱ्या दिवशी असं ओरडलं की शेजारीण डोकावून गेली. मी अंगणात जाऊन रडून घेतलं.

बारसं झालं, मी निघालो. सासूबाई वेशीपर्यंत चालत आल्या. गाडीत शिदोरी ठेवून म्हणाल्या, "मास्तर, खरं सांगा. दोन सालामांगची पोरगी देवानं नेली का म्या?"

"देवानं, काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले खोटं बी नीट बोलता येत नाई," म्हणाल्या आणि माघारी वळल्या.

जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: तिकडे उतराल तर मातीच्या घरात उतरा, यजमान कितीही बडा असो. बाकी वऱ्हाडची माणसं बोलायला रोखठोक आणि वाढायला सढळ आहेत.

घरी पोचलो. आईने नातवाचं सगळं खोदून खोदून विचारलं, कुणावर गेलाय तेही. मग दिवा लावता लावता म्हणाली, "ती मुलगी कशाने गेली असेल रे? गोदूची काही हयगय झाली का?"

"नाही गं," मी म्हणालो. "देवाने नेली."

या वेळी मला ते नीट बोलता आलं.