कडकरावांच्या तीन बशा

कडकरावांची लाँड्री म्हणजे एक खोली, दोन दोऱ्या, एक वाफेचं यंत्र आणि मालकाचा आत्मविश्वास. गल्लीतल्या निम्म्या लोकांचा ताठ कणा मुळात यांच्या इस्त्रीचा. त्यावरून पडलेलं हे नाव इतकं चिकटलं होतं, की खरं नाव बायकोलाही जरा आठवून सांगावं लागे. गरम केल्याशिवाय जगातली कुठलीच वस्तू नीट वाळत नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

त्याला सुरुंग लावला मिरचीनं. सासरेबुवा जाताना लेकीला एक कुंडी देऊन गेले होते. त्यातली मिरची दिसायला बोटाच्या पेराएवढी, पण स्वभावानं थेट सासऱ्यांवर गेलेली: आधी गप्प, मग समोरच्याच्या डोळ्यांत पाणी. मागच्या खेपेचं बी कडकरावांनी हौसेनं यंत्रावरच्या गरम फळीवर वाळवलं. एक दाणा उगवेल तर शपथ. आता झाडही मेलं होतं. उरल्या होत्या मूठभर पिकल्या मिरच्या. हे बी वाया गेलं की सासरेबुवांची मिरची संपली.

"अहो, खिडकीपाशी सावलीत, वाऱ्यावर ठेवू या," बायको म्हणाली. "बाबा तसंच करायचे."

"सावलीत रुमाल वाळत नाही, बी काय वाळणार? बुरशी येईल."

तेवढ्यात थोरले बंधू आले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते सविस्तर बोलले. "अरे, गच्चीवर टाक! रणरणतं ऊन लागलं पाहिजे. बी कसं चटचट वाजलं पाहिजे!"

"भाऊजी, मागच्या वेळचंही वाजलंच होतं," बायको म्हणाली. "उगवलं मात्र नाही."

कडकरावांची पंचाईत झाली. ज्याचं ऐकावं त्याचं पटायचं, दुसरा तोंड उघडेपर्यंत. शेवटी त्यांनी बी तीन सारख्या बशांत वाटलं. एक खिडकीत, एक गच्चीवर आणि एक पुन्हा यंत्रावरच्या फळीवर. कारण मागच्या वेळी दोष बियांचाच असणार, फळीचा कसा असेल? गोंधळ नको म्हणून ग्राहकांच्या कपड्यांना लावतात तशी कापडी चिठ्ठी, जागा लिहून, प्रत्येक बशीत घातली. इतका शहाणपणा त्यांनी लग्नातही दाखवला नव्हता.

बी वाळलं. तिन्ही बशा इस्त्रीच्या टेबलावर आल्या. कडकरावांनी बी बोटांनी चाळून पाहिलं, खूश झाले, आणि पटापट तिन्ही चिठ्ठ्या काढून डब्यात टाकल्या. डब्यात आधीच गल्लीभरच्या चिठ्ठ्या. मग त्यांनी बशा सरळ रेषेत लावल्या, कडा पुसल्या आणि तिथेच थिजले.

"अगं ए, यातली तुझी बशी कुठली?"

"चिठ्ठी बघा की."

"काढली."

"का?"

"वाळलं ना!"

 कडकरावांची ही उभ्या जन्माची सवय. कपडा वाळला, तयार झाला, की चिठ्ठी काढायची. चिठ्ठीसकट सदरा गेला तर लाँड्रीची अब्रू जाते.

प्रत्येक बशीतलं चिमूटभर बी वेगवेगळं राखून बाकीचं एकेका बशीचं एकेका कुंडीत पेरलं. रोज सकाळी इस्त्री तापायच्या आधी कडकराव उकिडवे बसून मातीकडे बघत. एक कुंडी हिरवीगार भरली. दुसरीत दोन रोपं आली, तीही नुकतीच तापातून उठल्यासारखी. तिसरीत शुकशुकाट.

"सांगितलं होतं ना, ऊन!" बंधू भरल्या कुंडीकडे बघून म्हणाले.

"हो दादा."

"माझी सावली," बायको म्हणाली.

"हो, तेही आहेच."

मनातून मात्र कडकरावांना ती भरली कुंडी आपल्या फळीचीच वाटत होती. बायकोनं तिसऱ्या कुंडीचं राखलेलं बी त्यांच्या तळहातावर ठेवलं. तपकिरी, खडखडीत. कडकरावांनी हुंगलं. खळ आणि वाफ. त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याचा वास.

"हे वाळवलंय की भाजलंय?" तिनं विचारलं.

 आपलं गेलं, एवढं कडकरावांना कळलं. उरलेल्या दोघांत कोण जिंकलं, हे काही उमगेना.

पण मिरची वाचली. नव्या झाडांना लाल मिरच्या लागल्या, तेव्हा बायकोनं बी काढून बशी खिडकीत ठेवली, चिठ्ठी घेतली आणि ती बशीत न टाकता नवऱ्याच्या मनगटाला घट्ट बांधली.

"मग बी वाळल्यावर?" त्यांनी गोंधळून विचारलं.

"बी वाळेल. तुम्ही नाही वाळणार. काढायची नाही."