बेबीआत्याच्या हातचं नाक

बेबीआत्या समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून कधी बोललीच नाही. ती नाकाकडे बघून बोलायची. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, आपल्या नाकाला काहीतरी लागलंय, आणि तो बिचारा रुमाल काढायचा.

माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. राहायला लालबर्ऱ्याला, पण बालाघाटात आमच्या घराण्यात कुणी बाळंत झालं, की पहिल्या बसनं हजर. पिशवीत दोन लुगडी आणि लसूण घालून कढवलेल्या तिळाच्या तेलाची बाटली. तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन ती त्याचं नाक चिमटीत धरायची आणि कपाळापासून खाली ओढत न्यायची. पोर किंचाळून घर डोक्यावर घ्यायचं. "रडू दे. आज रडन, तं मंडपात हासन," असं म्हणून ती पुन्हा नाक चिमटीत धरायची. ही विद्या तिला तिच्या आईनं दिली होती, आईला तिच्या सासूनं. इतक्या पिढ्यांनी ओढूनही आमच्या घराण्याचं नाक जागचं हललं नव्हतं. दोन्ही गालांच्या मधोमध ते बसकण मारून होतं.

आत्याचा हिशेब मात्र पक्का. एखादं नाक सरळ निघालं, की "माह्या हातचं हाये ते." बसकं निघालं, की "मायकडून आलं." म्हणजे आमच्या सगळ्या सुनांनी फक्त नकटी नाकं आणली आणि आत्यानं फक्त चाफेकळ्या घडवल्या. माझ्या आईचं नाक चांगलं धारदार होतं, माझं नव्हतं. गोंदियाहून मला बघायला आलेल्या मंडळींनी नकार कळवला, तेव्हा आत्या आईवरच घसरली. "तूनंच नं मालिश मधातच बंद केली! मी म्हनत होती, अजून आठ दिवस ओढू दे." मला ताप भरला होता म्हणून आईनं थांबवलं होतं, पण ताप उतरतो, नाक कायमचं राहतं, असं आत्याचं म्हणणं.

पुढे माझं लग्न झालं, नाकासकट. मुलगी झाली आणि आत्या बाटली घेऊन दारात उभी राहिली. मी बाळाला छातीशी धरलं.

"आत्या, चहा घे. पन पोरीच्या नाकाले हात नको लावू. डॉक्टर नाही म्हनते."

"डॉक्टरचं नाक पाह्यलं का तू?" ती म्हणाली. "काहून, पोरीले तुह्यासारखी नकटी ठेवतं का?"

"हौ. माह्यासारखीच ठेवतो."

चहा न घेता ती दुपारच्या बसनं परत गेली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मुलगी मोठी झाली. कुणाचाही हात न लागता तिचं नाक माझ्या आईसारखं सरळ आलं. एका लग्नात आत्यानं ते पाहिलं आणि चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी दारातून नुसतं पाह्यलं होतं, तरी किती फरक पडला!"

गेल्या वर्षी ती आजारी पडून बालाघाटच्या दवाखान्यात आली. अंगाचं पार चिपाड झालं होतं. एका दुपारी तिच्या कोरड्या पडलेल्या चेहऱ्याला मी तेल लावत होते. इतक्या वर्षांनी ती माझ्याशी बोलली, तीही डोळे मिटूनच, "माह्यं नाक कोनंच नाही ओढलं वं. पाचवी पोरगी मी. मायले म्हने टाइमच नोता."

आत्याचं नाक अख्ख्या घराण्यात सगळ्यांत बसकं होतं. तिच्या पाठीमागे आम्ही त्यावर पोट धरून हसायचो. आम्ही किंचाळेपर्यंत ती आमची नाकं का ओढत होती, ते मला त्या दुपारी कळलं. तिची कीव आली आणि तिच्या आईचा रागही आला. मी तिचं नाक चिमटीत धरलं आणि कपाळापासून हळूच खाली ओढलं.

"जोरानं वढ," ती म्हणाली. "लाड नको करू."

"दुखन, आत्या."

"दुखू दे."

मग रोज दुपारी आमचा तोच उद्योग. ती शेवटपर्यंत माझ्या हाताला नावं ठेवत राहिली; अंगठा चुकतोय, तेल कमी पडतंय, आजकालच्या बायांना काही येत नाही.

ती गेली. घरी आणल्यावर बायका जमल्या. आजारानं गाल आत गेले होते आणि चेहऱ्यावर नाक तेवढं उठून दिसत होतं. कुणीतरी कुजबुजलं, "पाह्य नं वं, बाईचं नाक किती सरळ! कधी ध्यानातच नाही आलं."

ते आजारपणानं केलं होतं, हे मला पुरतं कळत होतं. तरी मी डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माह्या हातचं हाये ते."