लगमाक्काला दिलेलं उत्तर

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आईला एकदा सांगणार होतो — राहून गेलं, आणि मग आईच गेली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा नुसता दमलोय म्हणून. एखादी गोष्ट लपवून ठेवायलासुद्धा रोज थोडं थोडं बळ लागतं, आणि ते कधीतरी सरतं.

दुसरी लढाई संपली. बेळगावच्या कॅम्पात शिपाई परत येतायत — कुणी इटलीहून, कुणी ब्रह्मदेशातून. मी शिकवतो त्या शाळेच्या हेडमास्तरांनी परवा मला बोलावून सांगितलं, मॅट्रिकच्या मुलांना या लोकांकडे पाठवा, त्यांच्या हकीकती लिहून आणू देत. मग म्हणाले, मास्तर, तुम्हीही विद्यार्थी असताना हे केलं होतं ना? लोक अजून आठवण काढतात तुमच्या वाचनाची.

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

हो, केलं होतं. मी मॅट्रिकला होतो तेव्हा इतिहासाच्या सरांनी आम्हाला पहिल्या लढाईतल्या म्हाताऱ्या पेन्शनरांकडे धाडलं होतं. सर म्हणायचे, त्या माणसाचं दुःख आधी आपलं झालं पाहिजे, मगच लेखणी उचला. माझ्या वाट्याला उचगावचे सुभाना आप्पा आले. शहापुरातून सायकल मारत, हिंडलगा ओलांडून मी त्यांच्याकडे जायचो. ते सोप्यात बसून वाखाचा दोर वळत असायचे. दोर वळता वळता बोलायचे — बसऱ्याला नेणारं जहाज, खजुरीची झाडं, गुडघाभर चिखल, हाडं फोडणारी थंडी.

आणि भरमा. त्यांच्याच गल्लीतला, त्यांच्याच पलटणीतला. तो परत आला नाही. गोळी लागली आणि जागच्या जागी गेला, असं आप्पांनी त्याच्या बायकोला सांगितलं होतं. ती लगमाक्का दोन घरं सोडून राहायची. दर वर्षी आप्पा आधी तिचं शेत नांगरायचे, मग स्वतःचं. भाऊबीजेला तिच्याकडेच जेवायचे. ती त्यांना अण्णा म्हणायची.

एका खेपेला आप्पांनी दोर बाजूला ठेवला. मग म्हणाले,

"भरमाला गोळी लागली न्हवती रं."

तुर्कांच्या वेढ्यात सापडले होते सगळे. दाणा संपला तेव्हा घोडी कापायला लागली. आपल्याकडच्या पुष्कळांनी बाटू म्हणून त्या मांसाला हात लावला नाही. भरमानं तर नाहीच. त्याचे पाय सुजले, दात हलायला लागले.

"म्या खाल्लं," आप्पा म्हणाले. "त्याला बघवंना मला. मग रस्सा काढून न्हेला. म्हटलं, बकऱ्याचा हाय, सायबाच्या बावर्च्यानं दिलाय. खाल्ला त्यानं. लई दिस खाल्ला. उठून चालाय लागला, बघ. आणि मग कुणीतरी त्याला सांगितलं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाय. तोंड मिटलं ते मिटलंच. माझ्या हातचं पाणीबी घेतलं न्हाय. तसाच गेला." त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला. "हे तू लिवायचं न्हाईस, बाळ. लगमाक्काला कळता कामा नये."

"नाही लिहिणार, आप्पा," मी म्हणालो. त्यांच्या पायाला हात लावून म्हणालो.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, यानं शब्द मोडला, एवढंच. मोडला — पण एवढंच असतं तर मी केव्हाच कुणालातरी सांगून मोकळा झालो असतो.

मी आधी सरळ लिहून पाहिलं. जहाज, खजूर, चिखल. वाचलं तर भूगोलाच्या धड्यासारखं वाटलं. मग मी ते दुसरं, भरमाचं, लिहिलं. लिहिताना मी रडलो, आणि ते रडणं खरं होतं, एवढं सांगतो. पण रडता रडताच मनात येत होतं — हे वाचलं की सगळी सभा रडेल. माणूस एकाच वेळी दोन्ही करू शकतो का? मी केलं.

सरांनी ते वाचलं. चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं, "हे चारचौघांत वाचायला त्यांची हरकत नाही ना?"

"नाही सर. त्यांनीच वाच म्हणून सांगितलंय."

किती सहज आलं तोंडातून! सर खूश झाले. म्हणाले, त्यांना आणि भरमाच्या बायकोला, दोघांनाही शाळेच्या गॅदरिंगला बोलाव, शाल-नारळ देऊ.

ते निमंत्रण घेऊन मीच उचगावला गेलो. नका येऊ म्हणता आलं असतं. निरोप पोचला नाही असं सरांना सांगता आलं असतं. पण मला लगमाक्का पुढच्या ओळीत हवी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला स्टेजवरून बघायचं होतं. मी तिला म्हणालो, तुमच्या मालकांची हकीकत वाचणार आहे. तिचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत तिच्या नवऱ्याबद्दल बेळगावातून कुणी विचारायला आलं नव्हतं.

आप्पांनी विचारलं, "काय काय लिवलंयस?"

"जहाजाचं, आप्पा. खजुरीचं."

ती दोघं बैलगाडीतून आली. लगमाक्का ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. मी वाचलं. चांगलं वाचलं — आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं नीट जमलं. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. रश्श्याच्या जागी आलो तेव्हा मी मान वर करून लगमाक्काकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती माझ्याकडे बघतच नव्हती. शेजारी बसलेल्या सुभाना आप्पांकडे बघत होती.

मी थांबलो का? नाही. शेवटपर्यंत वाचलं. टाळ्या पडल्या.

नंतर ती मला व्हरांड्यात गाठायला आली. सर माझ्या शेजारी उभे होते. आप्पा खांबाजवळ होते, खांद्यावर शाल तशीच, हातात नारळ.

"पोरा, हे खरं हाय? का तू रचलंस?"

रचलं, म्हणायला काय लागत होतं? थोडी लाज गेली असती. सर रागावले असते.

"खरं आहे, आक्का. आप्पांनीच सांगितलं."

"आणि हितं समद्यांम्होरं वाच म्हणून — तेबी त्यानंच सांगितलं?"

सर ऐकत होते. आप्पांनी मान उचलून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी काय म्हणतो याची वाट बघत होते फक्त.

"हो," मी म्हणालो.

आप्पांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"व्हय आक्का," ते म्हणाले. "म्याच सांगितलं त्याला."

लगमाक्का त्यांच्याकडे वळली. मग एवढंच म्हणाली, "माझ्या चुलीपाशी बसून सांगायचं होतंस की रं अण्णा."

ती बैलगाडीत बसून गेली. आप्पा चालत गेले.

मी पुन्हा उचगावला गेलो नाही. ऐकत मात्र होतो. तिनं शेत दुसऱ्याला वाट्यानं दिलं. त्यांची वाट सोडली, सावलीसुद्धा टाळली. पुढे आप्पा अंथरुणाला खिळले, आणि गेले. त्यांनी मरेपर्यंत कुणालाही सांगितलं नाही की मी खोटं बोललो. सांगितलं असतं तर माझ्यापर्यंत आलं असतं.

गेल्या पावसाळ्यानंतर लगमाक्का मला बाजारात भेटली. खूप थकलीय. रताळी घेऊन बसली होती. मी ओळख दिली नसती, पण तिनंच हाक मारली — मास्तर झालास न्हवं? आईबद्दल विचारलं. मग आपणहूनच आप्पांचं काढलं.

"रस्सा पाजला त्याचं मला काय न्हाय, बाळ. जगवाय बघितलं त्यानं माझ्या धन्याला. दुसऱ्या कुणी केलं असतं?" ती रताळ्यांवरची माती पुसत होती. "पर भरल्या सभेत वाचाय लावलं. तेवढं मला सोसलं न्हाय. शेवटाला निरोप धाडलता त्यानं, येऊन जा म्हणून. म्या गेले न्हाय."

माझ्या ओळखीचं जवळपास कुणीही नव्हतं. सर नव्हते, सभा नव्हती. फक्त ती आणि मी. एका वाक्याचं काम होतं.

तिनं माझ्या पिशवीत दोन रताळी वरून घातली.

"येतो, आक्का," मी म्हणालो, आणि पिशवी उचलून चालू लागलो.