मोठी खिडकी उजवीकडे

माझे बाबा वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून तसं वाटेल. वाटलं तर वाटू दे.

गोष्ट माझ्या आत्याची आहे. बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते. पंचवीस वर्षं ती कॅरव्हॅन बनवणाऱ्या कारखान्यात शिवणकाम करते. गाद्यांच्या खोळी, बाकांची आवरणं, पडदे. तिथून निघालेल्या एकूण एक घरगाडीत तिचा टाका आहे, आणि त्यातल्या एकाही गाडीत बसून ती फाटकाबाहेर गेलेली नाही. लोक तिने शिवलेल्या गाद्यांवर लोळत कुठे कुठे हिंडून आले आणि ही आपली मशीनवर मान मोडून बसलेली. मला याचा लहानपणापासून संताप येतो. तिला येत नसे. "अगं, मी गाडी शिवते, चालवत नाही," म्हणायची.

पण कारखान्याची एक पद्धत आहे. पंचवीस वर्षं भरलेल्या कामगाराला आठ दिवस एक नवी गाडी मिळते, हवी तिथे न्यायला. यंदा आत्याची पाळी होती. पत्र घेऊन आली ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात.

"दादा, समुद्राकाठचा रस्ता," ती म्हणाली. "सगळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

तिथवर सगळं ठीक होतं. मग बाबांनी नकाशा हातात घेतला.

बाबांच्या हाती नकाशा आला की घरात दुसऱ्या कुणाला तोंड उरत नाही. पहिल्या दिवशी आमच्याकडच्या बंदरात त्यांच्या मित्राकडे जायचं, कारण गाडी धुतलेली, चकचकीत असतानाच त्याला दाखवायची होती. मग किनाऱ्याकिनाऱ्याने वर, उत्तरेच्या दीपगृहापर्यंत. येताना आतल्या हमरस्त्याने सरळ घरी. आईने लगेच पुस्ती जोडली. गाडीत शेगडी आहेच, वन्संच्या हाताला चव आहे, मग बाहेर कशाला खायचं? म्हणजे जिच्या घामाची गाडी, तिनेच आठ दिवस शेगडीपाशी उभं राहायचं. वरचा बिछाना मला मिळाला. मी तो मुकाट्याने घेतला, हेही सांगायला हवं.

"उलटं जाऊ या ना, दादा," आत्या म्हणाली. "आधी हमरस्त्याने वर, मग किनाऱ्याने खाली."

"का?"

"मोठी खिडकी उजवीकडे आहे."

बाबांना काही कळलं नाही. मला लगेच कळलं. घरगाडीत उजवीकडे लांब बाक आणि त्यावर मोठी खिडकी असते. डावीकडे दार, कपाट, ओटा, आणि ओट्यावर एक एवढीशी खिडकी. उत्तरेकडून खाली यावं तर समुद्र उजवीकडे. बाबांच्या रस्त्याने वर जावं तर तो पडणार कपाटामागे.

"मोठीच्या पडद्याला सव्वादोन मीटर कापड लागतं, ओट्यावरच्याला पाव मीटर," आत्या म्हणाली. "तुझ्या रस्त्याने गेलो तर मोठ्या खिडकीतून सगळा वेळ डोंगरच बघायचा."

"समुद्र काय पळून जातोय? थांबू तिथे उतर आणि बघ पोटभर."

"उतरून बघायला घरगाडी कशाला? मला बाकावर बसून बघायचाय. चालत्या गाडीतून."

बाबा हसले. आईही हसली. पंचवीस वर्षं पडदे शिवलेल्या बाईला खिडकी कुठे आहे ते विचारायचं सोडून हसले.

दुसऱ्या दिवशी आत्याने कारखान्यातून कापडाचे दोन तुकडे आणले, एक लांबलचक, एक रुमालाएवढा, आणि नकाशावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडून दाखवले. शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. बाबांनी ते तुकडे उचलले, नीट घड्या घातल्या आणि बाजूला ठेवले. नकाशा दिसत नव्हता म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच संध्याकाळी सगळा कार्यक्रम टाइप करून दिला तो मीच. पहिला दिवस, बंदर, मित्र. आतून धुमसत होते, तरी एक चूक होऊ दिली नाही.

गाडीतून कोण कोण जाणार, त्याचा फॉर्मही बाबांनीच भरला. चार नावं, आत्याने फक्त कार्यालयात जाऊन सही करायची. गाडीचे फोटो काढून आण म्हणून त्यांनी मला तिच्यासोबत धाडलं.

गाडी शेडमध्ये उभी होती. आत्या आत शिरली ती थेट बाकावर बसली. बाहेरून एक बाई मोठ्या खिडकीचं रबर पुसत होती. काचा बसवण्याचं काम तिचं, म्हणून सगळा कारखाना तिला काचवाली म्हणतो. तयार गाड्या चाचणीला रस्त्यावर काढते तीही तीच. आत्याने खिडकी सरकवली.

"तुझी रजा शिल्लक आहे?"

"आहे की. का?"

"समुद्राकाठाने जायचंय. वरून खाली."

"वरूनच जायला हवं," काचवाली म्हणाली. "नाहीतर एवढी काच बसवली कशाला?"

बस्स, एवढंच. आमच्या घरात चार दिवस जे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही, ते तिला सांगावंसुद्धा लागलं नाही. आत्याने कार्यालयातून कोरा फॉर्म आणला आणि बाकावर बसूनच त्यावर दोन नावं लिहिली. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"बरं केलंस, आत्या. बाबांना अद्दल घडायलाच हवी होती," मी म्हणाले. "आणि वरचा बिछाना रिकामाच राहणार ना? माझं नाव घाल तिसरं."

आत्याने पेनाला टोपण लावलं.

"दादाने गाडी कधी आतून बघितली नाही. त्याला नाही समजलं," ती म्हणाली. "तुला समजलं होतं ना? पहिल्याच दिवशी?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

रागावण्यात मी पटाईत आहे, पण चार दिवसांतला सगळा राग मी मनातल्या मनातच काढला होता. आत्याने फॉर्मची घडी घातली आणि ती उठली.

"आता घरी जा आणि आम्ही दोघीच जातोय हे दादाला तूच सांग," ती म्हणाली. "खिडकीचं मी म्हणाले तसंच सांग. आणि त्याने घडी घालून बाजूला ठेवलं, तर पुन्हा सांग."