मंद्रूपच्या आगटीवर व्हिएतनामचा ठराव

सत्तर सालचं नागपूरचं हिवाळी अधिवेशन संपलं आणि मी आमदार बापूसाहेबांबरोबर त्यांच्या गावी, मंद्रूपला निघालो. मी विधानसभेतला प्रतिवेदक; सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवायचं, एवढंच माझं काम. व्हिएतनामच्या शांतता-वाटाघाटींना पाठिंबा देणारा ठराव बापूसाहेबांनी मांडला आणि तो एकमताने संमत झाला. गावानं सत्कार ठरवला. "भाषन तुमी लिवून घेतलंय, तवा वाचून बी तुमीच दावा," असं म्हणून त्यांनी मला ओढून नेलं.

दोन गाड्या बदलून सकाळी सोलापूरला उतरलो, तेव्हा अंगातलं हाड न् हाड बोलत होतं. नवी पेठेत बापूसाहेबांनी एक इरकली लुगडं घेतलं आणि घाईघाईनं पिशवीच्या तळाशी दडवलं. एस.टी. सुटल्यावर खरं काय ते कळलं. पुतणीचं, सुशीलेचं, लग्न आठ दिवसांवर आलेलं. पण तिचे वडील, म्हणजे बापूसाहेबांचे थोरले भाऊ आप्पा, यांच्याशी एका बांधावरून सात वर्षं अबोला.

"माज्या अंगाखांद्यावर वाडली हो पोर. पन मला बलावनं न्हाय," ते म्हणाले.

व्हिएतनामचं दुःख तासभर सांगणारा हा गृहस्थ घरच्या बांधावर अडला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

मंद्रूपला शेतातच बैठक होती. मधोमध आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटलेली. ज्वारीचं कोवळं कणीस भाजायचं, गरम गरम तळहातावर चोळायचं आणि दाणे दुसऱ्याच्या हातावर द्यायचे. सोबत शेंगांची चटणी. मी ऐटीत पहिलं कणीस चोळायला घेतलं आणि हात पोळताच परत आगटीत टाकलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मग मी भाषण वाचलं. आप्पा आगटीपलीकडे पाठ करून बसले होते.

बिराप्पा नावाच्या म्हाताऱ्या धनगरानं विचारलं, "ती भांडनारी समोरासमोर बसल्यात व्हय?"

"हो, पॅरिसला. एका टेबलाशी."

"मग संगं ऊट (कानडीत जेवण) झालं का?"

"तशी काही नोंद नाही," मी म्हणालो.

"मग कसली शांती? हितं येकमेकाच्या हातचा हुरडा खाल्ला, तरच भांडान मिटलं म्हनत्यात."

चटणी वाढणारी सुशीला माझ्यापाशी थांबली. "सायेब, ती अटीची वळ पुन्यांदा वाचा की."

मी वाचली. "कोणतीही अट न घालता कोणीतरी पहिलं पाऊल उचललंच पाहिजे."

"हे कोन बोललं?"

"आमदारसाहेबच."

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. ते उठले, आगटीतलं कणीस काढून चोळू लागले. मुंबई-नागपुरात मऊ झालेले हात. दाण्यांपेक्षा भुसकट जास्त. तसंच ते आगटीला वळसा घालून आप्पांसमोर धरलं.

आप्पांनी त्या हाताकडे पाहिलं. "आन् बांध?"

बापूसाहेबांनी हात मागे घेतला नाही.

आप्पांनी दाणे उचलून तोंडात टाकले. "आमदार झालास आन् हुरडा चोळायचा इसरलास," म्हणत त्यांनी स्वतः एक कणीस चोळलं, फुंकर मारून साफ केलं आणि धाकट्याच्या हातावर ठेवलं. "लुगडं कुटं हाय? सकाळी घेताना कुनीतरी बगितलं म्हनं."

सुशीला रडायलाच लागली. खोटं कशाला सांगू, मीही डोळे पुसले आणि धुरावर ढकललं.

परतीच्या गाडीत वर्तमानपत्र घेतलं. पॅरिसच्या वाटाघाटी अजून चालूच होत्या. मंद्रूपचा बांधही अजून वाकडाच होता, पण लग्नात दारी उभं राहून पाहुण्यांना या-बसा म्हणायला दोघे भाऊ असणार होते. आजवर शेकडो ठराव मी शब्द न् शब्द उतरवून घेतले. अंमलात येताना डोळ्यांनी पाहिला तो हा एकच.