लघुग्रहाला गावाचं नाव

खांदेश्वरला आमच्या खाली राहणारे काका रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर दुर्बिणीचे फोटो ताडून बघत. ताऱ्यांमधला एखादा ठिपका सरकला की "हलला, हलला!" म्हणत मांडीवर थाप मारत. मी हसायचो. त्यातला एक ठिपका खरोखरच मंगळ आणि गुरूमधला नवा लघुग्रह निघाला. त्याची कक्षा पक्की व्हायला वर्षं गेली. मग नाव सुचवायचा मान काकांना मिळाला. नावामागचं कारण इंग्रजीत लिहून घ्यायला ते माझ्याकडे आले.

"कुणाचं नाव देताय, काका?"

"आमच्या गावाचं. विमानतळात गेलं ना, आता कुठंच नाय ते."

"नेमकं कुठे होतं?"

"तुमी सोसायटीच्या ग्रुपवर धावपट्टीचा फोटो टाकलाव ना, तितंच."

त्या फोटोखाली मी लिहिलं होतं, 'इथे पूर्वी काहीच नव्हतं.' काका शांतपणे गावाच्या नावाचं स्पेलिंग सांगत होते. मला मान वर करवेना.